चक्कीवरची हाक

आमच्या सासरी तलावाचं पाणी सोडायचं असलं की ‘बत्ती लावा’ म्हणत, आणि बंद करायचं असलं की ‘बत्ती बुझवा’. हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. नव्व्याण्णव साली मी तिरोड्याकडून देवरीच्या बाजूच्या या जंगलातल्या गावात सून म्हणून आले. हळद उतरायच्या आत एका भर दुपारी सासूबाईंनी मला हाक मारून सांगितलं, “बत्ती लावाले सांग ना बाई, कवाची वाट पाहून राहिली मी.” आता एवढ्याशा कामासाठी दुसऱ्याला कशाला सांगायचं? मी उठले आणि घरातले सगळे बल्ब लावून टाकले. सासूबाई हसल्या, नणंद हसली, धान पाखडायला आलेल्या बायासुद्धा सूप खाली ठेवून हसल्या. मग नणंदेनं सांगितलं, बत्ती लावा म्हणजे तलावाचं पाणी सोडा.

मला राग आला. राग मला येतो पटकन आणि जाता जात नाही, माहेरी सगळे म्हणायचे की हिच्या तोंडाला झाकण नाही. मी सरळ विचारलं, “पाण्याला पाणी म्हणायला काय होते तुम्हाला?” नव्या सुनेनं असं विचारायचं नसतं. आतल्या खोलीत सासरे होते, त्यांनी ऐकलं. पण ते काही बोलले नाहीत, आणि बोलणार तरी कसे? आमच्यात सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. मी ओसरीवर आले की ते भिंतीकडे तोंड करत, मी अंगणात आले की गोठ्याकडे निघून जात. मला काही सांगायचं असलं तर मी हाताच्या अंतरावर उभी असतानाही सासूबाईंना म्हणत, “तिले सांग, म्हशीचं पाणी राहिलं.” पहिलं वर्षभर मला हे फार चमत्कारिक वाटलं. मग सवय झाली, आणि पुढे पुढे बरंही वाटायला लागलं, कारण मी काहीही बोलले तरी समोरून उत्तर येत नसे.

बत्तीचं गौडबंगाल मला नवऱ्यानं समजावून दिलं, तेही मला चक्कीवर नेऊन. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, बांबूच्या काटेरी रांजीआड, एक दगडी खोली होती. छप्पर कधीच गेलेलं, भिंतीतून पिंपळ निघालेला. खोलीच्या मधोमध विहिरीसारखा खोल हौद होता आणि त्याच्या तळाशी गाळात रुतलेलं एक लोखंडी चाक. गावात वीज येऊन जमाना झाला तरी सगळे त्या जागेला चक्कीच म्हणत.

मुळात ती खरोखरच चक्की होती. पाळीच्या पोटातून दगडी बोगदा काढून तलावाचं पाणी हौदात पाडायचं, त्या पाण्यानं लाकडी चाक फिरायचं आणि वर जातं चालायचं. आजूबाजूच्या गावांतल्या बाया डोक्यावर टोपली घेऊन तिथे यायच्या. हातानं दळण्या-कांडण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना ही चक्की म्हणजे केवढं सुख असेल! चक्की मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची होती आणि चालवणारे होते माझे आजेसासरे. पुढे मालगुजार कधीतरी नागपूरला जाऊन विजेचे दिवे बघून आले आणि त्यांच्या डोक्यात ते भरलं. गोंदियापर्यंत रेल्वेनं आणि तिथून बैलगाड्यांवर मशीन आलं. लाकडी चाक निघालं, लोखंडी बसलं, जात्याच्या जागी वीज तयार करणारं यंत्र आलं. मालगुजाराच्या घरात, त्यांच्या गोठ्यात, देवळात आणि रस्त्यावरच्या काही खांबांवर दिवे लागले. दुरून दुरून लोक ते बघायला यायचे म्हणे.

आणि बायांचं दळण पुन्हा हातावर आलं. ही गोष्ट सांगताना घरातले पुरुष नेहमी दिव्यांच्या कौतुकात रंगायचे, दळणाचा विषय एकटीच्या तोंडून निघायचा, सासूबाईंच्या. त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं की मालगुजाराच्या म्हशी उजेडात रवंथ करायच्या आणि आम्ही अंधारात जातं ओढायचो. मला अजूनही तो विषय निघाला की चीड येते.

चक्कीवरून पाळीवरचं पाणी सोडायचं फाटक दिसत नसे, मधे रांजी आणि वळण. मग यंत्राला तेलपाणी करून झालं की आजेसासरे बोगद्याच्या तोंडाशी वाकून वर ओरडायचे, “बत्ती लावा.” त्या दगडी पोकळीतून आवाज असा घुमत जायचा की वर फाटकाजवळ कानाशी कोणी बोलल्यासारखा यायचा. वर उभा असे त्यांचा मुलगा, म्हणजे माझे सासरे. फाटक म्हणजे खाचेत बसलेली एक जाड लाकडी फळी आणि तिला जोडलेला उभा दांडा. हाक आली की दांडा वर ओढायचा आणि खुंटी अडकवायची. ‘बत्ती बुझवा’ आलं की खुंटी काढून दांडा खाली दाबायचा आणि खालच्या भोकात खुंटी घालायची, नाहीतर लाकडी फळी पाण्यानं परत वर येते. अक्षरं गिरवायच्या आधी सासऱ्यांच्या हातांना हे काम येत होतं.

मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, गावात खांब आले. यंत्र कोणी नेलं कोण जाणे. लोखंडी चाक कोणाच्यानं हललं नाही म्हणून राहिलं. पण फाटक राहिलं, कारण त्या पाण्यावर खालच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पिकत होती. हौदाची खालची वाट गाळानं बुजली होती, तेव्हा आता पाणी सुटलं की आधी हौद काठोकाठ भरे आणि मग वरच्या तोंडातून शेताच्या पाटाला लागे. हौद माणसाच्या डोक्यावर पाणी जाईल एवढा खोल होता. फाटकाचं काम सासऱ्यांकडेच राहिलं आणि गावाच्या तोंडातला शब्दही तोच राहिला.

हे सगळं मी एवढ्या तपशिलानं सांगतेय, कारण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही.

माझा धाकटा भाऊ आयटीआय करून फिटर झाला होता. तिरोड्याला मोठा वीजप्रकल्प उभा राहत होता, तेव्हा तो तिथे लागला. माझ्या आईनं त्याच्या नोकरीसाठी किती देव पाण्यात ठेवले होते ते मला माहीत आहे. वडील लवकर गेले होते आणि घरात कमावणारा तो एकटाच होता. प्रकल्पावर यूपी-बिहारकडची माणसं पुष्कळ, त्यांच्यात राहून त्याची बोली पार बदलली. आमच्या घरी टॉर्चला बॅटरी म्हणतात, तो बत्ती म्हणायला लागला.

दसरा झाला होता. हलका धान कापायला आला होता आणि भारी धानाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. दुपारची जेवणं झाल्यावर सासरे पाळीवर गेले. नवरा खालचा पाट साफ करून चक्कीवरून हाक देणार आणि मग ते पाणी सोडणार, असं ठरलं होतं. तेवढ्यात भाऊ मोटारसायकलवर आला. त्याची सुट्टी होती. पाणी पिऊन होत नाही तोच नवऱ्याला म्हणाला, “भाऊजी, आमच्या प्लांटचा आजोबा दाखवा ना. ताई किती वर्षं सांगून राहिली.” नवऱ्यालाही हौस. फावडं पाटावरच टाकून तो त्याला चक्कीवर घेऊन गेला. पाट साफ व्हायचाच होता, हाक द्यायची वेळ आली नव्हती, तेव्हा पाणी सुटायचा प्रश्नच नाही, असा त्याचा हिशोब. हिशोब चुकीचा नव्हता.

मी मागून चहाची किटली घेऊन गेले तर भाऊ हौदात उतरलेला. पिंपळाच्या मुळाला दोर बांधून खाली गेला होता, गुडघाभर गाळात उभा होता आणि चाकावर हात फिरवत होता. तळाशी भरदिवसाही अंधार, म्हणून नवरा काठावर ओणवा होऊन टॉर्च दाखवत होता.

“वर ये,” मी म्हटलं. “साप असतील तिथं.”

“थांब ना ताई. याची पाती बघ, अजून जशीच्या तशी आहेत.” त्याचा आवाज आनंदानं भरला होता. “आमच्याकडे वाफेवर फिरते, याला पाण्यावर फिरवलं. बाकी सगळं तेच.”

तो आणखी खाली वाकला आणि एक पाय चाकाच्या आऱ्यांमधून पलीकडे घातला. टॉर्चचं बटण ढिलं होतं. ते सटकलं, उजेड गेला.

“भाऊजी,” तो आतून ओरडला, “बत्ती लावा.”

तोंड बोगद्याकडे होतं त्याचं. तो आवाज कसा घुमत वर गेला तो मी ऐकला. मला एवढंच वाटलं की काय घसा आहे या पोराचा. मग मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि टॉर्च हातातून खाली पडत होता.

“बाबा वर आहेत,” तो म्हणाला.

आम्ही दोघं एकदम ओरडलो, “नाही, नको, पाणी नको.” पण बोगद्यातून आधीच घरघर सुरू झाली होती. थंड वारा आला, पालापाचोळा आला आणि मागून पाणी आलं. आता त्या बोगद्यातून कोणाची हाक वर जाणार होती? भाऊ हसला आधी. त्याला वाटलं भाऊजी गंमत करतात. मग त्यानं पाय काढायला ओढला आणि तो निघेना. आऱ्यांमधे घोटा अडकला होता आणि पाण्याच्या लोंढ्यानं ते इतक्या वर्षांचं गंजलेलं चाक किंचित फिरलं. तो जो किंचाळला तो आवाज मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

नवरा दोर धरून काठावर आडवा पडला. भावानं दोराचं टोक छातीला गुंडाळलं होतं, दोर सोडला असता तर पोर गाळात आडवं पडलं असतं. नवरा मला म्हणाला, “पळ.” तेवढंच म्हणाला.

मी पळाले. रांजीच्या काट्यांत लुगडं फाटलं, पदर कुठे अडकून राहिला ते कळलं नाही. पाळीचा चढ हातापायांवर चढले. वर सासरे दिसले. खुंटी ठोकून, दांड्यावर हात ठेवून ते शांतपणे पाण्याकडे बघत उभे होते. पाणी किती सुरेख चाललंय, असा तो चेहरा. मी ओरडले, “मामाजी, बंद करा, बंद करा.”

त्यांनी मान वळवली. सून डोक्यावर पदर नसताना, केस सुटलेले, ओरडत येतेय हे त्यांना दिसलं. आणि त्यांनी चटकन पाठ केली.

पाठ केली त्यांनी माझ्याकडे. अकरा वर्षं घरात जे केलं तेच केलं. सुनेची लाज राखली. माझा भाऊ खाली बुडत होता आणि हा माणूस माझी लाज राखत होता. मी तेव्हा काय काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. माणूस आहे आत, मरून राहिला आहे, ऐकू येत नाही काय तुम्हाला. वाऱ्यानं, पाण्याच्या आवाजानं त्यातलं त्यांच्यापर्यंत किती पोचलं कोण जाणे. सुनेला वेड लागलं किंवा घरात भांडण झालं असंच त्यांना वाटलं असणार, कारण त्यांनी मान आणखी खाली घातली.

मग मी थांबले. श्वास घेतला. आणि जो शब्द मी आल्या दिवसापासून हसण्यावारी नेला होता तो जीव काढून ओरडले, “बत्ती बुझवा.”

त्यांचं डोकं वळलंच नाही. हात वळले. खुंटी निघाली, दांडा खाली गेला. खुंटी इतक्या जोरात उपटली की हातातून निसटून पाण्यात पडली. मग ते वळले.

“कोन आहे आत?” त्यांनी विचारलं. मलाच विचारलं.

“माझा भाऊ.”

खुंटी नव्हती, फळी खालून वर येऊ बघत होती. त्यांनी दांड्यावर छाती टाकली आणि सगळं अंग खाली दाबलं. मी परत फिरले.

भावाच्या हनुवटीपर्यंत पाणी होतं. नवऱ्याचे हात दोरानं कापले होते आणि तो त्याच्याशी बोलत होता, काहीबाही, प्रकल्पावरच्या जेवणाबद्दल, मोटारसायकलबद्दल. पोरगं मान वर करून आभाळाकडे बघत उत्तरं देत होतं. पाणी वाढायचं थांबलं. पण उतरेनाही. उतरणार कुठून, खालची वाट बुजलेली. माझी हाक ऐकून बांध्यांतले गडी धावत आले होते. एकानं पाळीकडे धाव घेतली, दोघं हौदात उतरले, बुडी मारून पाय चाचपू लागले. मी काठावर बसून भावाच्या डोक्यावर हात ठेवता येतोय का ते बघत होते. येत नव्हता. मनात आईच येत होती. तिला मी काय सांगणार होते? तुझा मुलगा आजोबा बघायला गेला होता?

चाक उलटं ढकलायला त्यांना सब्बल, म्हणजे पहार लागली, ती आणायला वेळ लागला. तोवर भावाचे ओठ निळे पडले, दात वाजायला लागले. मग एकदाचा तो ‘आई गं’ म्हणाला आणि पाय सुटला. त्याला वर काढलं तेव्हा घोटा भलत्याच दिशेला वळला होता. मी त्याच्या तोंडाला हात लावला, छातीला लावला, आणि मग त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. त्यानं मला शिवी दिली. ती शिवी ऐकून मी रडायला लागले.

देवरीला न्यायला गाडी बोलावली. ती येईपर्यंत आम्ही त्याला घोंगडीत गुंडाळून बसलो होतो. तेवढ्यात पाळीवर गेलेला गडी खाली आला आणि नवऱ्याला म्हणाला, “बाबा दांडा सोडून नाही राहिले. मी खुंटी ठोकून देली. पोरगा निघाला म्हणून सांगतलं. आयकतच नाहीत.”

नवरा उठला. गडी म्हणाला, “तुम्हाले नाही बोलावलं. तुम्ही बी त्याहिले बरं वाटावं म्हणून सांगाल म्हणतात. सूनबाईले पाठवा म्हणतात.”

मला जायचं नव्हतं. खरं सांगते, अजिबात नव्हतं. त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती. पाठ केली ना माझ्याकडे, राहू दे तसंच दांडा धरून. भाऊ घोंगडीतून म्हणाला, “जा ना ताई, काय बसलीस?” मी उठले.

ते तसेच होते. छाती दांड्यावर, दोन्ही हातांची मिठी, गुडघे मातीत. शेजारी नवी बाभळीची खुंटी भोकात घट्ट बसली होती, दांडा धरायची काही गरज उरली नव्हती. माझी चाहूल लागली तरी त्यांनी तोंड फिरवलं नाही. सरळ माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे मी पहिल्यांदा समोरून बघत होते. घारे होते.

“आहे का तो?” त्यांनी विचारलं.

“आहे. पाय मोडला घोट्यातून. खाली शिव्या देऊन राहिला आहे.”

“माह्या मनाले बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?”

“तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी आजवर कधी काही बोलले आहे का, मामाजी?”

त्यांनी थोडा विचार केला. मग नाही म्हणून मान हलवली आणि दांडा सोडायला बघितलं. पण हात आखडले होते, बोटं उघडेनात. त्यांनी पुन्हा जोर केला, तरी उघडेनात. सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. मी त्यांच्याजवळ मातीत बसले आणि एकेक बोट धरून सोडवलं. तळहात सोलून निघाले होते. त्यांनी हात मागे घेतले नाहीत.